दुसऱ्या मजल्यावरचा पिलर

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी आमच्या लातूरच्या फ्लॅटची फरशी पायाखाली थरथरायला लागली... हातातला चहा ठेवला आणि तशीच जिना उतरून दुसऱ्या मजल्यावर गेले.

तिथे बिराजदार काका राहतात. मूळचे उदगीरचे, इथल्या गंजगोलाई बाजारात किराणा दुकान. फ्लॅटचं रिनोव्हेशन करणार हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. आवाज, धूळ हे सगळं आम्ही धरूनच चाललो होतो.

पण आत बघते तर मिस्त्री पॅसेजमधल्या पिलरवर काँक्रीट फोडायचा ब्रेकर चालवत होता! एका कोपऱ्यातली सळई उघडी पडली होती...

मी बांधकामाचे नकाशे काढते, पंधरा वर्षं हेच काम. "मशीन बंद करा," मी म्हणाले. माझा आवाज ऐकून मिस्त्रीनं लगेच बंद केलं.

काका चिडले. "ताई, घर माझं हाय. तुम्ही कोण थांबवणार?"

"काका, पिलर तुमच्या घरात दिसतो, पण वरचे तिन्ही मजले त्याच्यावर हायेत. हा मी तोडू देणार न्हाई."

मग मी एक गोष्ट सांगितली, जी सहसा कुणाला सांगत नाही... त्र्याण्णवच्या भूकंपात औसा तालुक्यातलं आमचं घर पडलं, तेव्हा मी सात वर्षांची होते. माझी मावशी त्यात गेली.

काका खाली बसले. पॅसेजकडे बघत म्हणाले, "आई यायली माझ्याकडं. तिची व्हीलचेअर इथनं जात न्हाई. बाथरूमला तरी तिला एकटीला जाता यावं, म्हणून करायलो हे..."

आणि मी समजत होते, काकांना मोठा हॉल हवाय!

टेप घेतला, दोघांनी मिळून पॅसेज मोजला. पिलरसमोरची भिंत नुसती पार्टिशनची होती, तिच्यावर वरचा भार नव्हता. ती फूटभर मागे घेतली आणि बाथरूमचं दार रुंद केलं, की खुर्ची आरामात वळत होती. दुसऱ्या दिवशी इंजिनिअर आणून पिलर तपासला, पक्का दुरुस्त करून घेतला, मग भिंतीचं आणि दाराचं काम केलं.

काल काकांच्या आई, म्हणजे आजी, राहायला आल्या. मी भेटायला गेले, तर स्वतःच खुर्चीची चाकं फिरवत दारापर्यंत आल्या आणि माझा हात धरून म्हणाल्या, "ये की गं बस, च्या घे."

जिन्यात रोज भेटायचो काका आणि मी. हे काम कशासाठी चाललंय, एवढं विचारायला मला पिलर फुटायची वेळ यावी लागली...