बांधावरून केलेला फोन

लेक तेव्हा आठ वर्षांची होती. शाळेच्या ग्रुपवर निरोप आला, की पालीजवळच्या एका गावात मुलांसाठी शेतीचा उत्सव आहे. मुलांनी स्वतः भात लावायचं आणि पालकांनी बांधावर उभं राहून बघायचं. आई म्हणाली, "चिखल बघायला पालीपर्यंत कशाला जायचं?" पण नातीने हात धरून ओढलं, तशी इस्त्रीची सुती साडी नेसून गाडीत बसली. रत्नागिरीत तीस वर्षं ती प्राथमिक शाळेत शिकवत होती. तिच्या साडीवर खडूचा डागसुद्धा मी कधी पाहिला नव्हता.

आम्ही पोचलो तेव्हा पाऊस भुरभुरत होता. नांगरून, चिखल करून शेत तयार होतं. माईकवरच्या सरांनी इशारा केला आणि मुलांनी धडाधड उड्या मारल्या. आमची लेक मात्र बांधावरच बसून राहिली. हातभर अंतरावर एक खेकडा बिळात शिरताना तिने पाहिला होता. बायकोने समजावलं, मी आइस्क्रीमचं आमिष दाखवलं. ती रडायलाच लागली. तिच्या वाट्याची रोपांची जुडी, आमच्याकडे तिला मूठ म्हणतात, पाण्यात तशीच पडून होती.

आईने चपला काढल्या. चष्मा पुसून पुन्हा लावला आणि साडीचा काष्टा मारला.

"आई, तुझा गुडघा!" मी म्हणालो.

"असू दे रे," म्हणत ती उतरलीसुद्धा.

कमरेत वाकून तिने मूठ उचलली, तिचा बंध सोडला आणि तिची बोटं अशी चालायला लागली, की मी बघतच राहिलो. दोरी नाही, काही नाही, तरी ओळ सरळ. बांधावरची लेक रडायची थांबली.

"आजी, तू उलटी का चालतेस?"

"पुढे चाललं तर आपलंच लावलेलं आपण तुडवू. म्हणून मागे मागे सरकायचं. ये, दाखवते."

"आणि खेकडा?"

"तो तुझं रडणं ऐकून केव्हाच पळाला."

लेक उतरली. आजीच्या शेजारी वाकून ती वाकडीतिकडी रोपं खोचायला लागली. आईचं माहेर केळशीकडचं, हे मला माहीत होतं. पण ते माझ्यासाठी नुसतं एका गावाचं नाव होतं. तिथल्या शेतात तिने काय केलं, हे तिने सांगितलं नव्हतं आणि मीही कधी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात मागे सरकताना तिचा पाय खोल रुतला आणि ती सपशेल चिखलात बसली. मी धावलो. पण ती हसत होती. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आईला असं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

"ताईपण अशीच बसायची," ती म्हणाली. "दर वर्षी एकदा तरी." आणि हात टेकून उठायला लागली.

ताई म्हणजे माझी मावशी, केळशीलाच राहणारी. त्यांच्या आईच्या बाराव्याला दोघींत काहीतरी शब्द झाला आणि सहा वर्षं बोलणं बंद होतं. विषय काढला, की आई उठून स्वयंपाकघरात जायची.

बांधावर येऊन बसल्यावर ती म्हणाली, "तिचा नंबर आहे का रे तुझ्याकडे?"

तिचे हात चिखलाने भरलेले. मी स्पीकर लावून फोन तिच्यासमोर धरला.

"कोण?" मावशीचा आवाज आला.

"मी."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"ताई, लावताना आपण एका जागी रोपाच्या काड्या किती घ्यायचो गो? तीन की चार?"

"तीन. तू चार घ्यायचीस आणि बाबांचा ओरडा खायचीस." मग तिनेच विचारलं, "अगो, पण तू आहेस कुठे?"

"चिखलात."

"पडलीस?"

"पडले."

पलीकडून हसू फुटलं. हुबेहूब आईसारखंच. मग दोघी बोलतच राहिल्या. माझा हात अवघडला, बायको आमच्यावर छत्री धरून उभी राहिली. भांडणाचा शब्द कुणीच काढला नाही. गुडघे, औषधं, कोण आहे, कोण गेलं. आपल्या शेतात आता कुणी भात लावत नाही, काजू लावलाय, असं मावशी म्हणाली. आई म्हणाली, "बरं केलंत."

त्या दिवशी तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी जेवायला होती. लेकीने चिखलाच्या पायांनीच दोनदा वाढून घेतली.

नवरात्रात मावशी एसटीने आमच्याकडे आली, पिशवीभर आमसुलं घेऊन. दोन दिवसांसाठी आली होती, ती दसरा करून गेली. पुढची तीन वर्षं दोघींचं जाणंयेणं चालू राहिलं. मग मावशी झोपेतच गेली. केळशीहून परत येताना गाडीत आई रडली नाही. मागच्या सीटवर नातीला जवळ घेऊन, लहानपणी ताईने आपल्याला खांद्यावर बसवून भरलेला ओढा कसा ओलांडला होता, ते सांगत राहिली. मी गाडी मुद्दाम हळू चालवली.