साडूंचा सूर्य आणि माझं पाचट

आमच्या साडूंइतका सूर्यावर जीव टाकणारा माणूस इंदापूर तालुक्यात दुसरा झाला नाही. निरवांगीत त्यांच्या घराच्या धाब्यावर सोलरच्या आठ पाट्या होत्या आणि हे गृहस्थ रोज सकाळी देवपूजेआधी त्या पुसायचे. लग्नात आहेर सोलरचा कंदील, बारशाला सोलरचा कंदील, मला बढती मिळाली तेव्हाही तोच. बारामतीच्या माझ्या फ्लॅटमध्ये असे चार आहेत. एकदा मे महिन्यात त्यांच्याकडे जेवायला गेलो. वरण सूर्यचुलीवर. ‘झालंच पाव्हणं, धा मिन्टं,’ असं ते अकरापासून म्हणत होते. दोनला ढग आला. साडूंनी त्या ढगाला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शेवटी मेव्हणीने ते वरण गुपचूप गॅसवर शिजवलं. साडूंनी ते सूर्याचं म्हणून भुरके मारत संपवलं आणि आम्हीही सूर्याचंच म्हणून पुन्हा वाढून घेतलं.

सूर्यावर जितकी माया, तितकाच धुरावर राग. उसाची तोडणी झाली की रानात उरलेल्या वाळक्या पाल्याला, म्हणजे पाचटाला, लोक काडी लावून मोकळे होतात. साडू बांधाबांधाने हिंडून हात जोडायचे, ‘कुजवा, जाळू नका.’ वर म्हणायचे, ‘धूर उसवाल्याचा आन् खोकला रोजगारी बायांचा, ह्यो कुठला न्याय वो?’ लोक व्हय व्हय म्हणायचे आणि पाठ वळली की काडी ओढायचे. त्यांना हसणाऱ्यांत मी पहिला. त्यांच्या घराला लागूनच माझं तीन एकर रान आहे, वाट्याने दिलेलं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत साडू स्वतः आजारातून कसेबसे उठले होते. शेजारच्या, खुरपणीला जाणाऱ्या म्हातारीला मात्र दवाखान्यात जागा मिळेना. साडूंनी कुठूनतरी ऑक्सिजनचं मशीन पैदा केलं. लाईटचा भरवसा नाही, म्हणून तिची खाट सरळ आपल्या ओसरीत आणली आणि मशीन सोलरवर जोडलं. ‘सूर्याला कामाला लावलाय, पाव्हणं,’ फोनवर एवढं बोलतानाही त्यांना दम लागत होता.

त्याच आठवड्यात माझ्या वाटेकऱ्याचा फोन आला. ‘ऊस गेला. पाचट गोळा कराय मानसं न्हाईत. लावून टाकू का?’

मी म्हणालो, ‘लाव.’

पुढे सगळ्यांना मी हेच सांगत आलो, की मला वाटलं तो नवीन लागणीचं विचारतोय. आपल्याकडे ऊसही लावतात आणि काडीही. लोकांना ते पटलं.

भर दुपारी माझ्या रानाचा धूर त्यांच्या घरावर गेला. सूर्य झाकोळला, पाट्यांवर काजळी बसली, मशीन मध्येच बंद पडायला लागलं. घरात वर चढणारं दुसरं कुणी नव्हतं. त्या धुरात साडू स्वतः चढले, पाट्या पुसल्या आणि खाली आले ते खोकतच. मशीन चालू झालं. म्हातारी वाचली, अजून खुरपणीला जाते. साडूंना संध्याकाळी बारामतीला आणावं लागलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून त्यांचा फोन आला. ‘पाव्हणं, तुमच्या रानाला काडी कुनी लावली वो?’

‘चुकून लागली असेल, तात्या.’

‘आसंल, आसंल. राखंवर पानी मारून घ्या तेवढं. वाऱ्यानं उडतीया, आन् म्हातारी तितंच हाय.’

चौथ्या दिवशी ते गेले. रागावले असते तर बरं झालं असतं. वाटेकरी काय विचारतोय ते मला त्याच क्षणी कळलं होतं. तेवढं एक मी त्यांना खरं सांगायला हवं होतं.