मच्छरदाणीतले घड्याळवाले

समोरच्या घड्याळवाल्या काकांना लागण होणारा काहीतरी रोग जडलाय, अशी कुजबुज होती. भर दुपारी मच्छरदाणीत बसलेले दिसत म्हणे. गिऱ्हाईकं फिरकेनाशी झाली. मला कुठला दम निघतोय, नाकाला रुमाल लावून त्यांच्या खोलीवर गेलोच.

काका खरंच मच्छरदाणीत होते, डोळ्याला भिंग लावून. बाहेर एक वीतभर कुत्री, कान एका जातीचे, शेपूट भलत्याच जातीचं, जाळीभोवती गरगर फिरत होती.

"लेकीची आहे. आठ दिवस सांभाळा म्हणाली, त्याला वर्ष होत आलं," काका म्हणाले. "दुकानात नेली तर टेबलावर उड्या. घरी एकटी ठेवली तर रडून इमारत डोक्यावर घेते. म्हणून दुकान बंद करून घरीच घड्याळं दुरुस्त करतोय."

"मग बांधून ठेवा की."

"बांधली की जास्तच रडते. घरमालक म्हणाले, पुन्हा आवाज आला तर दोघंही खोली सोडा."

"म्हणजे पिंजऱ्यात तुम्ही आणि पहाऱ्यावर ही."

"हसा तुम्ही. पण खाली जाऊन लोकांना खरं सांगा. गिऱ्हाईकं तुटली तर आम्ही दोघांनी खायचं काय?"

म्हणून सांगतो. काकांना कसलाही रोग नव्हता. कुत्री घड्याळांचे स्क्रू गिळायची, म्हणून ते जाळीत बसून काम करायचे.