भासऱ्यांची मोटार

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, अक्षरही गिचमिड आहे, वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. पण माझ्या भासऱ्यांसारखा, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासारखा, हट्टी माणूस साऱ्या कारंजा तालुक्यात सापडायचा नाही, हे मात्र मी चुकीचं लिहिलेलं नाही.

अंगणात त्यांची गोल दिव्यांची जुनी मोटार कित्येक वर्षं बंद उभी होती. कोंबड्या तिच्यात अंडी घालत. कंटाळून जाऊबाईंनी ती भंगारवाल्याला विकायची ठरवली आणि पाच हजार आगाऊ, बयाणा म्हणून, घेतलेही. सोमवारी तो न्यायला येणार होता. भासरे म्हणाले, तोवर ती चालू झाली तर कुठेच जाणार नाही. लगेच त्यांनी कार्बोरेटर उतरवला आणि मी वड्या वाळत घातलेल्या खाटेवरच त्याचे भाग मांडले. पेट्रोलची बारीक छिद्रं माझ्या गोधडीच्या सुईने टोकरली, तोंडाने फुंकली, चोकला सायकलच्या ब्रेकची तार लावली. त्यांच्या श्वासाला पेट्रोलचा असा वास येई, की जाऊबाई आरतीचं ताट हातभर लांब धरत. म्हणत, "माणूस पेटला तं बयाणा कोण वापस करीन?"

सोमवारी सकाळी गाडीत बसायला कोणीतरी हवं होतं. नवरा भाजी घेऊन बाजाराला गेलेला, जाऊबाई रुसलेल्या. उरले मी. अडचण अशी, की आमच्याकडे सून आणि भासरे एकमेकांशी बोलत नाहीत. माझ्या लग्नापासून ते जे सांगायचं ते भिंतीला सांगत, मी ऐकत असे. मी पदर सावरून स्टेअरिंगपाशी बसले. भासरे बॉनेटमध्ये वाकून बॅटरीला म्हणाले, "कोणी चोक ओढून चावी फिरवली तं बरं होईन." मी फिरवली. इंजिन धडधडलं. मग चोक आत लोटायचा असतो, नाहीतर पेट्रोल जास्त होऊन ते बंद पडतं. कधी आणि किती लोटायचा, ते मला कळत नव्हतं. पण भासऱ्यांचं बॅटरीला "आता कोणी तो चोक..." एवढं म्हणून होईपर्यंत ते बंद पडलं. पुन्हा केलं, पुन्हा तेच. तेवढ्यात फाटकाशी भंगारवाल्याचा ट्रक येऊन थांबला. भासऱ्यांनी कपाळाचा घाम पुसला आणि मान हलवून खूण केली. मी चावी फिरवली. इंजिन लागलं आणि भासरे बॅटरीला विसरले.

"सूनबाई, लोट. हळू लोट."

"लोटून राह्यली ना, भाऊजी."

इंजिन चालू राहिलं. मग खाली बघतच त्यांनी विचारलं, आवाज चांगला आहे ना. मी चांगला आहे म्हटलं. अजूनही आम्ही बोलतो ते इंजिन चालू असेल तेवढा वेळच. आता त्यांचे गुडघे दुखतात, गाडी क्वचितच निघते.

त्या दिवशी जाऊबाई आत गेल्या आणि पिठाच्या डब्यातून पैसे आणून त्यांनी भंगारवाल्याच्या हातावर ठेवले. पूर्ण पाच हजार. बयाण्यातली एकही नोट त्यांनी मोडली नव्हती.