राहून गेलेला ठिपका

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "काका, आई गेली," एवढंच म्हणाला. निवृत्त झाल्यावर शकुंतलाताई गायकवाड मराठवाड्यातल्या आपल्या गावी राहायला गेल्या होत्या. सकाळी अंगणात चहा घेताघेता गेल्या म्हणे. अर्धी दाढी तशीच ठेवून मी हॉलच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. आमचं सगळं काम त्याच खिडकीत झालं होतं...

कळंबोलीच्या आमच्या सोसायटीत ताई तळमजल्यावर राहायच्या. सरकारी दवाखान्यात त्यांच्याकडे टीबीच्या पेशंटांचं काम होतं. घरोघर जायचं, थुंकी तपासायला न्यायची, गोळ्या बुडवणाऱ्यांना शोधून काढायचं. मी नगररचनेच्या कार्यालयात ड्राफ्ट्समन. एका रविवारी रजिस्टर घेऊन त्या वर आल्या. "भाऊ, तुम्ही नकाशे काढता ना? मला टीबी कुठून कुठं चाललाय ते बघायचंय. वहीत नुसती नावं दिसतात, वाट दिसत नाही." मग ठरलं. दर वर्षाचा एक ट्रेसिंग पेपर. त्या फक्त ठिकाण सांगायच्या, नाव कधीच नाही, आणि मी शाईचा ठिपका द्यायचो. वर्ष संपलं की सगळे कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावायचे. मागून ऊन आलं की जुने ठिपके फिकट दिसत, नवे ठळक. स्टील मार्केटमधले ठिपके खांदेश्वरच्या नव्या बांधकामांकडे आणि पुढे द्रोणागिरीच्या गोदामांकडे कसे सरकले, ते मी असं बसून पाहिलं. "तो एकटा नाही जात भाऊ," ताई म्हणायच्या, "माणूस कामामागं जातो, त्याच्यासंगं तो जातो."

पहिल्याच वर्षी मी घोळ घातला. ताईंनी सांगितलेली काही ठिकाणं माझ्या नकाशात उद्यानावर येत होती. आमच्या ऑफिसात नकाशा म्हणजे पुढे जे होणार ते. तिथे उद्यान म्हणजे उद्यानच, त्यात माणसं कशी राहतील? मला वाटलं, ताईंचीच दिशा चुकली. मी त्यांना न विचारता ते ठिपके शेजारच्या सेक्टरातल्या इमारतींवर सरकवले आणि छान नीटनेटका कागद दिला. दवाखान्याची नवी मुलगी तो कागद घेऊन महिनाभर त्या इमारतींचे जिने चढत राहिली आणि लोक तिच्या तोंडावर दारं लावत राहिले. शेवटी ताई स्वतः जाऊन आल्या आणि चपला न काढताच दारात उभ्या राहिल्या. "भाऊ, तुमची बाग बघून आले. झाड एक नाही. पत्र्याच्या खोल्या हायेत आणि आत लोकं खोकायलेत." तिथली एक बाई, मार्केटमधल्या माथाड्याची बायको, रक्त पडायला लागल्यावर आठवड्यापूर्वीच पोर काखोटीला मारून गावी निघून गेली होती. कुठलं गाव, कुणाला ठाऊक नव्हतं. तिचं पुढे काय झालं, आम्हाला कधीच कळलं नाही. ताई ओरडल्या नाहीत. "माणूस रातीला जिथं पाठ टेकतो, ठिपका तिथं," एवढंच म्हणाल्या. मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं!

दोन-तीन वर्षांनी आमच्याच घरात खोकला आला. माझी बायको सुलभा. मी कफ सिरपवर भागवत होतो. ताईंनी जिन्यात तिचा खोकला ऐकला आणि दुसऱ्या दिवशी तपासायला नेलं. टीबी निघाला. तेव्हा आमच्या मुलीचं लग्न जमत आलं होतं, आणि सोसायटीत बातमी पसरायला टाकी भरून पाण्याची मोटर बंद होईपर्यंतही वेळ लागत नसे. ताई भाजीचा डबा घेऊन वर यायच्या, डब्यातून गोळ्या काढायच्या आणि सुलभाने त्या गिळल्यावरच खाली जायच्या. शेजारणी म्हणायच्या, गायकवाडबाईंचं यांच्यावर भारी प्रेम! ते खरंच होतं.

वर्षाचा कागद पुरा करायला बसलो. ताईंनी एकेक ठिकाण सांगत शेवटी आमच्या इमारतीचं नाव घेतलं. माझा पेन थांबला. "ताई, हा नको. लग्न होऊन जाऊ दे..." त्यांनी रजिस्टर मिटलं. "पेन तुमच्या हातात हाय. मी सांगायचं ते सांगितलं." ठिपका न देताच मी कागद गुंडाळला. सुलभा बरी झाली, लग्नही झालं. ठिपका नाही म्हणून आमच्या जिन्यात कुणी तपासायला आलं नाही. पुढच्या वर्षी आमच्याच जिन्यात दोन ठिपके आले.

ते कागद बघायला दवाखान्याचे मोठे डॉक्टर आले होते, माझ्याच हॉलमध्ये. "बाई, आदल्या वर्षी इथे काहीच नाही. हे दोन आले कुठून? इथे आधी कुणीतरी असणार. एवढ्या वर्षांच्या नोकरीत असं काम?" ताई म्हणाल्या, "माझ्याकडून एक नोंद राहिली असंल, सर." कागदाचं टोक मी धरलं होतं. मी बोललो नाही. डॉक्टर गेल्यावरही नाही, त्या सामान बांधून गावी निघाल्या तेव्हाही नाही. मला याची लाज वाटते, आणि ती ज्यांना सांगायची त्या ताई आता नाहीत.

परवा मिलिंद येऊन गुंडाळी देऊन गेला. "आई म्हणायची, हे भाऊंचं हाय." मी कागद काचेला लावले. सुलभा पोळ्या अर्धवट टाकून आली, हात पदराला पुसले आणि वाकून आमची इमारत शोधली. ठिपके कसले ते तिला ठाऊक होतं, मी एक गाळला ते नव्हतं. एकेक कागद उलटत ती म्हणाली, "यात मी कुठे आहे?"

मग मी तिला सगळं सांगितलं.  तिने त्या वर्षाच्या कागदाची दोन्ही टोकं काचेवर घट्ट दाबून धरली आणि म्हणाली, "पेन आणा."