वीसपैकी वीस

यंत्रमागांच्या खडखडाटात चाळीस वर्षं काढून विणकर काकांचे दोन्ही कान कामातून गेले होते. त्या शेडमध्ये सगळेच ओठ बघून बोलणं ओळखायचे, आणि त्यात काकांचा हात धरणारा कोणी नव्हता.

सरकारी विम्यातून श्रवणयंत्र मिळण्याआधी तपासणी होती. समोर बसलेली बाई एकेक शब्द बोलायची आणि काकांनी तो परत म्हणायचा. "खिडकी." "खिडकी." "पायरी." "पायरी." वीसपैकी वीस बरोबर आले. शाळेत कधी मिळाली नाही ती शाबासकी मिळाल्यासारखे काका छाती काढून बाहेर आले.

आठवड्याने कारकुनाने जाड काचेआडून निकाल सांगितला. "ऐकू चांगलं येतं, म्हणून अर्ज नामंजूर. फेरतपासणी तीन वर्षांनी." काचेतून आवाज येत नव्हता, तरी काकांना अक्षरन् अक्षर कळलं.

"अहो, कुणी सांगितलं होतं तिथे अक्कल पाजळायला? एखादा तरी शब्द चुकवायचा," काकू म्हणाली आणि तरातरा पुढे चालू लागली. हातवाऱ्यांवरून ती वाटभर बोलतच असावी. मागून येणाऱ्या काकांना फक्त तिची पाठ दिसत होती.