रुखवतात गेलेली रात्र

आता काय सांगू बाई, या वयात तोंड लपवावं तरी किती ठिकाणी! पण सांगतेच. तुम्ही चहा घेत राहा.

रायपूर नवंनवं राजधानी झालं होतं. माझा लेक तिथल्याच शंकरनगर भागातल्या ऑफिसात. अन् त्याची पोट्टी मिनू, तिले एकच वेड: नाटकाच्या लाईटी! लेक म्हणे, "बटनंच दाबायची त घरातली दाब! बँकेची परीक्षा दे."

मिनू म्हणे, "बाबा, मले दिल्लीले जाऊन हेच शिकायचं आहे."

महिनाभर भांडण चाललं. शेवटी ठरलं. मिनू लाईटी करत होती त्या नाटकाले दिल्लीच्या नाट्यशाळेचे एक गुरुजी येणार होते. ते म्हणाले पोरीत दम आहे, त दिल्ली. नाही म्हणाले, त बँक.

मी कोणाकडून? अर्थात मिनूकडून! अन् घात केला तो मीच.

झालं असं, शेजारच्या कुंदाच्या मुलीचं लग्न होतं. आमच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यात मराठी घरचं रुखवत माझ्या हाताशिवाय मांडलंच जात नाही. मी मिनूले सांगून ठेवलं होतं, "बजारातून रंगीत कागद आणजो." लग्नाच्या आदल्या दिवशी पाहते त काय, खाटेवर कागदाची गुंडाळी! निळाशार, आरपार दिसणारा. म्हटलं, गुणाची पोर! घेतली कात्री, अन् बेसनाच्या लाडवांची सगळी ताटं झाकून टाकली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिनू घरभर शोधून राहिली. "आजी, माझं निळं जिलेटिन कुठं आहे?"

"ते काय असते?"

"दिव्यापुढं लावायचा कागद! त्याच्याशिवाय रंगमंचावर रात्र होत नाही!"

"अगं माय! रात्र त रुखवतात गेली!"

पोट्टीनं गळाच काढला. तो कागद तेव्हा रायपुरात मिळत नव्हता, बाहेरून मागवलेला. अन् नाटक सहाले! मी पदर खोचला. "रडून काय राहिली? स्कूटर काढ!"

बुढापाऱ्यातल्या मांडवात पोचलो, तेव्हा वरपक्ष कौतुकानं रुखवत पाहून राहिला होता. मी सरळ ताटांवरचे कागद ओढायला लागले. वरमाय ओरडली, "अवो आजी, दिलेलं रुखवत काहून परत नेता?"

"लाडू तुमचे, नवरी तुमची! आमची रात्र तेवढी द्या!"

म्हातारीचं डोकं फिरलं, असंच वाटलं असेल त्यायले. कुंदा त खांबामागं लपली.

कागद पदरानं घासून पुसले. पण तूपच ते, जाते का असं?

नाटक सुरू झालं. पुढ्यात नवऱ्याचं मयत, बायको आकांत करून राहिली, अन् सभोवती मिनूची निळी रात्र. काय रात्र ती! माझ्या अंगावर काटा आला.

मग दिवे तापले. अन् हळूहळू सगळ्या सभागृहात साजूक तुपाचा अन् वेलचीचा वास सुटला!

मागून कोणी म्हणे, "भैया, खाना इधरिच है का?"

"चुप! मैयत पड़ी है!"

खोटं नाही सांगत, मयतानं आवंढा गिळला! माझ्या डोळ्यानं पाहिलं. गुरुजी नाक वर करून हुंगून राहिले. लेक माझ्याकडे पाहे, अन् मी छताकडे.

तेवढ्यात एका दिव्यातून धूर! संपलं, म्हटलं. गेली पोर बँकेत.

पण मिनू मागं लाईटीच्या बटनांच्या टेबलाशी घट्ट बसून होती. तिनं त्या दिव्याचा उजेड हळूहळू उतरवत नेला, अन् तेवढ्याच हळू दुसऱ्याचा चढवत आणला. जसा चंद्र ढगाआड जावा अन् पलीकडून निघावा. लोकायनी टाळ्या वाजवल्या!

नंतर गुरुजी लेकाले म्हणाले, "दिया जलाना सब सीख लेते हैं। दिया बुझे और रात न टूटे, ये जिगर की बात है। भेज दीजिए।"

लेक मान खाली घालून एवढंच म्हणाला, "हव."

मिनू शिकली. आता गावोगावच्या नाटकायले तिच्याच लाईटी असतात. मागं आली, तेव्हा दिव्यांच्या पेट्या आमच्या ओसरीत उतरवल्या. प्रत्येक पेटीवर एक कागद चिकटवलेला. हमाल तो वाचत, माझ्याकडे पाहत, अन् हात जोडत. मले वाचता येत नाही, पण एवढं समजते ना! म्हटलं, पोरीनं आजीचं नाव घातलं. चार दिवस मी त्या कागदाले हळदीकुंकू वाहिलं. पाचव्या दिवशी न राहवून कुंदाले बोलावलं. "वाच व जरा. मोठ्यानं वाच, सगळ्यायले ऐकू जाऊ दे."

कुंदानं चष्मा लावला, अन् खणखणीत वाचलं, "आग, पानी और आजी से दूर रखें।"